विलायती पन्ह्याचे साचे

माझ्या वडिलांनी तंबाखू सोडली ती आईच्या सांगण्यावरून नाही, साहेबाच्या. आमच्या गावच्या कापड गिरणीत रुंद पन्ह्याचे नवे साचे, म्हणजे माग, बसले होते. त्यांच्यावरचा कोरा मांजरपाट थेट विलायतेला जायचा. तिकडे तो धुऊन, छापून पुढे कुठे कुठे विकत. देशी गिऱ्हाइकाच्या कापडाला खळ चोपडून वजन आणलेलं चालायचं, याला चालत नव्हतं. थुंकीचा एक शिंतोडा दिसला की अख्खा ताका बाद. म्हणून या साच्यांवर जाणाऱ्यानं तोंड रिकामं ठेवायचं आणि नखं कापून यायचं, असा नियम होता. वडिलांचा हात साफ, म्हणून त्यांना निवडलं. त्यांनी जुना साचा सोडला आणि तो लगेच दुसऱ्याला मिळाला.

मी त्याच गिरणीच्या ऑफिसात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्धेहून बी.ए. होऊन आलो आणि इंग्रजी पत्रव्यवहाराला बसलो. हे मी अभिमानानं सांगतो, खोटी नम्रता मला जमत नाही.

पहिल्या खेपेचा बराच माल विलायतेत नापास झाला. दुसरी खेप पास झाली आणि तिकडून जास्तीची मागणी आली. त्या दिवशी वडील घरी आले ते ताठ मानेनं. आणि तेवढ्यात बातमी येऊन धडकली: हिंदुस्थानातून येणाऱ्या कापडाला विलायतेत मर्यादा. तिकडच्या लोकांनी ती लादली असंही म्हणायची सोय नव्हती, कारण आपल्याच गिरणीमालकांनी ती म्हणे स्वखुशीनं मान्य केली होती. तिकडच्या गिरण्या बंद पडत होत्या, तिकडच्या विणकरांनाही पोटं होती, हे मला कळत होतं. ही खुशी कोणाची, तेवढं कळत नव्हतं.

त्यातून ठरलेला कोटा गिरण्यांत वाटायचा तो मागच्या पाठवणीच्या मानानं. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचं मागचं भरपूर होतं. आमचं मागचं म्हणजे एक नापास खेप आणि एक पास.

संध्याकाळी वडिलांच्या शेजारच्या साच्यावरचे विणकर ओट्यावर येऊन बसले. त्यांना मी मामा म्हणायचो.

"सांग ना बापू, तू तं बी.ए. हायेस. आपलं कापड खराब निघालं का?"

"नाही मामा. चांगलं निघालं, स्वस्तही पडलं. म्हणूनच."

"म्हनूनच मतलब? चांगलं हाये म्हनून नोको?"

"हो."

"वा रे न्याव! खराब होतं तवा नापास, चांगलं झालं तं जास्ती झालं!"

वडील हसले. "चळवळीच्या टायमाले मी माह्या लग्नाचा फेटा बजारातल्या होळीत टाकला होता. विलायती होता ना! याची माय आठ दिवस बोलली नाई माह्यासंगं."

"माह्या बापानं देल्ला होता तो," आई आतून म्हणाली. "आताही बोलाले लावू नका."

"आता त्याहीनं आपलं कापड फेका म्हनलं. झाली फिटंफाट."

"फिटंफाट कायची?" मामा उसळले. "तू तुह्या मनानं टाकला गड्या. इथं त्याहीनं आपल्याच हातानं आपलं फेकाले लावलं!"

वडिलांचं हसू गेलं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "ते जाऊ दे. माहा साचा राहीन का, तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कला न विचारता मी सरळ मॅनेजरसाहेबांपुढे उभा राहिलो. म्हटलं, "रुंद साचे बंद करणार असाल तर त्यावरच्या माणसांना त्यांचे जुने साचे द्या."

"त्यांवर आता दुसरे आहेत. त्यांना काढू?"

"मग रुंद साच्यांवर देशी माल काढा."

"आर्वीच्या व्यापाऱ्यांना नमुना दाखवला. ते म्हणाले, एवढ्या पन्ह्याचं लुगडं नेसायला बाई ताडाएवढी लागेल." साहेब हसले. मी हसलो नाही.

"पुढच्या वर्षी तरी?"

"पुढच्या वर्षीचा वाटा यंदाच्या पाठवणीवरून."

"मग आपण पाठवायचं कधी?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. नोकरी शोधत होतो तेव्हा मलाही जागोजागी असंच विचारलं होतं: घरात आधी कोणी नोकरीत होतं का? आधी नव्हतं म्हणून पुढेही नको, असा हा शहाणा हिशेब.

दसऱ्याच्या तोंडावर रुंद साचे थांबले. खंडेनवमीला मात्र सगळीच गिरणी थांबते. यंत्रांची पूजा असते आणि घरच्या मंडळींना आत सोडतात. वडिलांनी आपला साचा रॉकेलनं पुसला, वर झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आई प्रसाद वाटत होती. त्या दिवशी सगळेच साचे फुलं घालून गप्प उभे होते. चालणारे कोणते आणि बंद पाडलेले कोणते, परक्याला ओळखू आलं नसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वडील सांगत होते, "हा माहा." तंबाखू त्यांनी त्या दिवशीही तोंडात धरली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बदलीच्या रांगेत उभे राहिले. कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम, म्हणजे बदली. त्यासाठी भोंग्याआधी फाटकाबाहेर ताटकळायचं; जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ज्याचं नाव पुकारेल तो आत. ऑफिसवाल्यांचं दार बाजूलाच होतं. मी पाहिलं तर वडील तळहातावर तंबाखू मळत होते. मी थबकलो.

"काऊन थांबला? तुहा टाइम झाला."

"तुमचं नाव पुकारू द्या."

"जॉबरले वाटन, पोरगा वशिला लावून राह्यला. मले नाई पायजे तसं काम. जाय तू."

मी आत गेलो. वर जाऊन खिडकीशी उभा राहिलो. जॉबरनं नावं पुकारली, मामांचं आलं, वडिलांचं आलं नाही. फाटक लागलं. वडिलांनी इकडे-तिकडे पाहिलं नाही. सारा जन्म ज्या गिरणीच्या आवारात ते कधी थुंकले नव्हते, तिच्या नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर त्यांनी सावकाश, नेम धरून पिंक टाकली आणि घराकडे वळले.