तिसऱ्या दिवशी चालणारं नेट

सरावलीच्या आमच्या घरात गॅलरीला लागून जी खोली आहे, तेच माझं ऑफिस. एक टेबल, लॅपटॉप आणि भिंतीवर वायफायचा डबा. मी मूळची सांगलीकडची. नवरा तारापूरच्या कारखान्यात, म्हणून लग्नानंतर इथे आले. घरी बसून लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, हे माझं काम. गेल्या दिवाळीनंतर मात्र मलाच तक्रार करायची वेळ आली. बहुतेक दिवशी सकाळी दहाच्या सुमारास डब्यावरचा दिवा लाल व्हायचा, नेट जायचं, आणि संध्याकाळी पाचला आपोआप परत यायचं.

सासरे निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कारखान्यात त्यांचं काम मीटर आणि यंत्रं दुरुस्त करायचं. आता एकच पेपर दोनदा वाचत बसायचे. मला रडकुंडीला आलेली पाहून त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणाले. "दोन बदलल्या की दोष कुणाचा ते कळत नाही."

पहिल्या दिवशी अडॅप्टर बदलला. दुसऱ्या दिवशी डबा तापतो का म्हणून त्याच्यापुढे टेबलफॅन लावला. मग तो डबा कपाटापासून लांब नेला. नेटवाला संध्याकाळी आला तेव्हा दिवा हिरवागार. "अंकल, लाईन तो एकदम ओके है," म्हणून तो चहा पिऊन गेला.

सासरे हार मानेनात. कॅलेंडरवर रोज खूण करायला लागले. आठवड्याभराने मला बोलावून म्हणाले, "हे बघ. एक दिवस पाचपर्यंत पूर्ण बंद. दुसऱ्या दिवशी ये-जा. तिसऱ्या दिवशी ठणठणीत. आणि मग पुन्हा बंद. आतलं सगळं तपासून झालं. आता बाहेर."

दुसऱ्याच दिवशी दहा वाजता दिवा लाल झाला. खिडकीतून बाहेर गेलेल्या काळ्या वायरीवर नजर ठेवून ते जिना चढू लागले, मागे मी. वायर भिंतीवरून गच्चीवर गेली होती आणि कठड्यापासून समोरच्या खांबापर्यंत हवेत ताणलेली होती. त्या वायरीवर ओल्या बोंबलांची रांग लटकत होती. वजनाने वायर खाली झुकलेली, कठड्याच्या कडेवर पार मुडपलेली. टाकीच्या सावलीत काठी घेऊन सासूबाई कावळे हाकत बसल्या होत्या.

त्या सातपाटीच्या, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावच्या. माहेरून ताजे बोंबील आणून वाळवणं त्यांना जमतंही आणि आवडतंही. पण गच्चीवर वाळवतात हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

"अगं, ही नेटची वायर आहे!" सासरे म्हणाले.

"मला वाटलं जुन्या टीव्हीची हाय, कुणाच्या कामाची नाय," त्या उठत म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहराच उतरला. "तुझं काम माझ्यामुळं बंद पडत होतं?"

"पण आई, तुम्ही आधी गॅलरीत वाळवायचात ना?"

"तू नाकाला ओढणी लावून फोनवर बोलायचीस. मी बघितलं होतं. म्हटलं, पोरीला कशाला त्रास."

त्या ओढणीबद्दल मी त्यांच्यापाशी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांनीही काढला नव्हता. ओल्या बोंबलांची पाटी घेऊन मुकाट्याने तीन जिने चढत राहिल्या होत्या.

सासरे मात्र कामात होते. "पहिल्या दिवशी ओले म्हणून जड, तिसऱ्या दिवशी वाळून हलके, आणि पाचला तू उतरवतेस," त्यांनी सासूबाईंपुढे हिशेब जुळवला. "तू खाली जा आणि दिवा बघ," त्यांनी मला पिटाळलं. मी खोलीत पोचले तोवर त्यांनी बोंबील उतरवले होते.

"हिरवा!" मी गॅलरीतून ओरडले.

"आता परत टांगतो!"

"कशाला?" हा आवाज सासूबाईंचा.

"खात्री नको करायला?"

दोन मिनिटांनी मी ओरडले, "लाल!" मग पुन्हा, "हिरवा!" समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका खिडक्यांत येऊन बघायला लागल्या. वरून सासऱ्यांचं हसणं ऐकू आलं. वर्षभरात त्यांना इतक्या मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं.

दुपारीच त्यांनी गच्चीवर नायलॉनची जाड दोरी बांधली. वायरीचा मुडपलेला तुकडा नेटवाल्याने बदलून दिला. मी सासूबाईंना म्हटलं, "पुढच्या वेळी गॅलरीतच वाळवा. मला आता काही होत नाही."

"गॅलरीत वारा नाय लागत. बोंबलाला वारा पायजे," त्या म्हणाल्या. खरंच तसं होतं की माझ्यासाठी म्हणाल्या, ते मी विचारलं नाही.

रविवारी मीच त्यांच्याबरोबर वर गेले. एका बोंबलाचं तोंड उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचं आणि ती जोडी दोरीवर टाकायची, असं त्यांनी करून दाखवलं. त्यांच्या हातून जोड्या भराभर दोरीवर चढत होत्या. माझी पहिलीच जोडी सुटून पायाशी पडली.

"तुझ्या दोघांचं पटलं नाय," त्या म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.