पर्थहून काही आणायचंय का?

क्लेम पॅस्को पर्थला निघाला की साऱ्या यारलिन गावाला आधी कळायचं, कारण कळवायचा तोच. धान्याच्या कोठारापाशी, पेट्रोलच्या पंपावर, टपालाच्या खिडकीशी, जो भेटेल त्याला तो विचारायचा, "पर्थला चाललोय. काही न्यायचंय? काही आणायचंय का?" त्याचा बाप असंच विचारायचा. त्या काळी शहर म्हणजे दिवसभराचा लाल धुळीचा रस्ता, आणि एवढ्या लांब रिकामी गाडी घेऊन जाणं म्हणजे शेजाऱ्यांशी बेइमानी. पुढे डांबरी रस्ता झाला, सकाळी निघालेला माणूस जेवायला शहरात पोचू लागला, सामान देणारे गाडीवाले दारात यायला लागले. क्लेमची सवय मात्र गेली नाही.

तसा तो गप्पांचा माणूस नव्हताच. आयुष्य गव्हात आणि मेंढ्यांत गेलेलं. गावच्या सभागृहात चार माणसं जमली की तो मांस भाजायच्या शेगडीशी जाऊन उभा राहायचा, म्हणजे हातात चिमटा असायचा आणि बोलावं लागायचं नाही. पण हा एक प्रश्न त्याला कोणालाही, अगदी पाद्रीबाईंनाही, न अडखळता विचारता यायचा. शिवाय आगीचं ते वर्ष तो विसरला नव्हता. कापणीच्या तोंडावर त्याचं शेत पेटलं, तेव्हा आपापली यंत्रं उभ्या गव्हात तशीच सोडून सगळे शेजारी पाण्याच्या टाक्या घेऊन धावले होते. कोणी नंतर त्याचा उल्लेखही केला नाही. त्यानंतर कोणाला नाही म्हणायची वेळ आली की क्लेमची जीभ टाळूला चिकटायची.

आता शेती मुलगा शेन बघत होता. क्लेम आणि नोलीन गावातल्या लहान घरात राहायला आले होते. आणि पर्थच्या फेऱ्या वाढल्या होत्या, त्या नोलीनच्या डोळ्यांमुळे.

त्याची सुरुवात एका कुंपणावरून झाली. शेनने नवीन तारा ओढल्या होत्या आणि कौतुकाने आईला दाखवायला नेलं होतं.

"कोणी बांधलं रे हे?" नोलीनने विचारलं. "दारू पिऊन बांधलं वाटतं. मधेच पोट आलंय त्याला."

शेन दोन दिवस फुगून होता. तार दोरीसारखी सरळ होती. पोट आलं होतं ते नोलीनच्या नजरेत. ज्याकडे बघेल त्याच्या बरोबर मधोमध आधी वळण, मग धुकं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आणि देत राहावं लागेल. तेव्हापासून पर्थ म्हणजे दवाखान्याची खुर्ची, सुई, आणि मग काळा चष्मा लावून गाडीत बसून राहणं. क्लेम कोणाचा पंपाचा भाग, कोणाचं कुत्र्याचं औषध आणायला दुकानादुकानात जायचा आणि ती गाड्यांच्या तळावर काच खाली करून बसायची. समुद्र तिथून फार लांब नव्हता. वाऱ्याला वास यायचा. पण एकदाही तिकडे गाडी वळली नाही. परतीचा रस्ता लांब, आणि मागे काहीतरी वितळत किंवा नासत असायचं.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, उजवा आता सुधारणार नाही. डावा टिकेल, किती ते सांगता येत नाही. परतताना नोलीनने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "क्लेम, मला एकदा सुईशिवाय पर्थला जायचंय. समुद्र बघायला. दिसतोय तोवर."

क्लेमने मान हलवली. मग ती मान तिला दिसली नसेल असं वाटून मोठ्याने म्हणाला, "जाऊ."

मार्च महिना त्यासाठी बरा. इकडचा उन्हाळा सरत आलेला असतो, समुद्राचं पाणी कोमट असतं आणि पेरणीला अवकाश असतो, म्हणजे शेनला बापाची गरज नसते. क्लेमने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, चहाच्या कपांनी त्याचे कोपरे दाबले आणि पेरणीची आखणी करावी तसा बेत आखायला घेतला.

"पहिल्या दिवशी सकाळी किंग्ज पार्क," तो म्हणाला. "तिथून खाली उतरून घंटांचा मनोरा. मग नदीतली बोट. ती फ्रीमँटलला सोडते. तिथे बाजार, मग जुना तुरुंग."

"तुरुंग?"

"लोक बघतात म्हणे. कंदील घेऊन आत नेतात."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"बेटावर. लवकर निघालो तर बेट करून प्राणिसंग्रहालयही होईल."

नोलीनने नकाशाच्या कडेवर बोट फिरवलं. "क्लेम, तू मला मेंढ्यांसारखं हाकणार आहेस का? ह्या फाटकातून आत, त्या फाटकातून बाहेर, आणि पाठीवर निळा ठप्पा?"

"एवढ्या लांब जायचं तर बघून घ्यावं, असं आपलं मला वाटलं."

"कॉटस्लोच्या किनाऱ्यावर उंच झाडांखाली बाक आहेत. लग्नानंतर आपण गेलो होतो. तू एकावर झोपला होतास."

"झोपलो नव्हतो. विचार करत होतो."

"घोरत विचार करत होतास. लोक वळून बघत होते." ती हसली. "मला त्या बाकावर बसायचंय. सकाळी बसायचं, संध्याकाळी बसायचं. मधे भूक लागली तर कागदातले तळलेले मासे खायचे. फारच हौस असेल तर एक बोट. एकच."

क्लेमने तुरुंग सोडला. मग मनोरा सोडला. बाजार सोडताना त्याच्या जिवावर आलं, कारण त्याला तिथे चाकूंना धार लावणारा बघायचा होता, पण तोही सोडला. शेवटी बेतात राहिलं ते इतकंच: समुद्रासमोरची खोली, बाक, मासे, जमल्यास बोट. इतक्या रिकाम्या बेताची त्याला भीतीच वाटली. पण नोलीनचा चेहरा सैल झाला होता.

"आणि ह्या खेपेला कोणाचं काही नाही, हं," ती म्हणाली.

"नाही," क्लेम म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तो पेट्रोल भरायला गेला. पंपावर शेजारच्या शेतावरची बेव्ह ट्रेलोर होती. तिने त्याला खालून वर न्याहाळलं.

"क्लेम पॅस्को! केस कापलेस? कोण मेलं?"

"कोणी नाही. पर्थला चाललोय. काही न्यायचंय का?"

खोकला यावा तसे शब्द आले. बाहेर पडल्यावर त्याने तोंड मिटलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

"देवानेच धाडलं तुला!" बेव्ह म्हणाली. "कालच मेंढी कापलीय. अर्धी आमच्या कायलीला पोचव. बाळंतपणानंतर पोरगी नुसती पावावर जगतेय. बर्फात घालून देते."

बेव्हच्या कानावर गेलं म्हणजे गावाच्या कानावर गेलं. दुपारी टेड लॉवरी त्याची यांत्रिक करवत घेऊन आला. हा टेड एकटा राहणारा म्हातारा, घरी मांजर सोडून कोणी नाही. करवत दुरुस्त करणारा एकच माणूस त्याला पसंत होता, आणि तो शहराच्या पार पूर्वेला. संध्याकाळी सभागृहाच्या समितीने चहाचा मोठा बंब आणून ठेवला. तो गरम होत नव्हता आणि त्याचा कारागीर दक्षिणेला होता. क्लेमने प्रत्येकाला "बरं" म्हटलं, सगळं गाडीच्या मागच्या हौद्यात रचलं आणि वरून ताडपत्री ओढली. नोलीनला सांगायचं तो जेवताना ठरवत होता, मग भांडी पुसताना ठरवत होता, मग झोपला.

सकाळी नोलीन नवी टोपी घालून बाहेर आली आणि गाडीच्या कडेकडेने हात लावत पुढे निघाली. ताडपत्रीवर तिचा हात थांबला.

"क्लेम, हा नळ कसला?"

"सभागृहाचा बंब आहे."

हात पुढे सरकला. "आणि हे दात?"

"टेडची करवत."

"आणि ही बर्फाची पेटी. हिच्यात आपलं खाणं असेल."

क्लेमने किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "कायलीची मेंढी आहे. अर्धीच."

"अर्धीच," नोलीन म्हणाली. "बरं."

आणि ती आत बसली. तिने आदळआपट केली असती तर क्लेमला सोसलं असतं. पण हे "बरं" तो ओळखून होता. ज्या वर्षी पाऊस पडला नाही आणि तिच्या बहिणीकडे जाणं रद्द झालं, तेव्हा ती असंच म्हणाली होती. पियानो विकला तेव्हाही.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची पिवळी खुंटं. क्लेम मनात हिशेब मांडत होता. कायली उत्तरेला, करवतवाला पूर्वेला, बंबवाला दक्षिणेला. कायलीकडे चहा घ्यावाच लागणार, बाळ बघावंच लागणार. बंबवाला थांबा म्हणणार. म्हणजे आजचा दिवस गेला, आणि उद्याचा अर्धा सगळं गोळा करण्यात. नोलीन त्या वेळात काय करणार, ते त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. काच खाली केलेली, काळा चष्मा, मांडीवर पिशवी. आज सुई नव्हती, तरी चित्र तेच होतं.

डोंगरउताराच्या वळणावर झाडी संपते आणि खाली सगळं शहर पसरलेलं दिसतं, त्याच्या पलीकडे समुद्राची पट्टी. क्लेमने गाडी हळू केली.

"दिसतो का?"

नोलीनने मान वळवली, बाजूने बघितलं. अलीकडे ती सगळ्यांकडेच असं बघायची. गावातले लोक थट्टेने म्हणायचे, नोलीनला आमचा संशय येतो.

"काहीतरी चमकतंय," ती म्हणाली. "घरांचे पत्रे असतील."

ते पत्रे नव्हते. क्लेमने पुन्हा वेग धरला.

खाली मोठ्या चौकात दिवा लाल होता. कायलीकडे जायचं तर उजवीकडे. क्लेमने उजवीकडचा दिवा लावला. टिकटिक ऐकू येत राहिली. मग त्याने तो बंद केला, आणि हिरवा झाल्यावर सरळ निघाला.

"कायलीचं घर उजवीकडे आहे ना?" नोलीनने विचारलं.

"हो."

क्लेमने पुढचा चौकही सरळ ओलांडला.

कॉटस्लोची झाडं तशीच उंच होती. बाक नवे होते, पण जागा तीच. खाली हिरवळ, मग वाळू, मग पाणी. नोलीन बसली, तिने चपला काढून पाय गवतावर ठेवले. क्लेम जरा लांब जाऊन उभा राहिला आणि त्याने फोन काढला. उभ्या आयुष्यात त्याने कोणाला आपल्यासाठी वाट वाकडी करायला सांगितलं नव्हतं.

"कायली? मी क्लेम पॅस्को. तुझी मेंढी माझ्याकडे आहे."

"हो, आईने सांगितलं! मी चहा टाकू का, अंकल क्लेम?"

"नको. मी येत नाहीये." क्लेमने समुद्राकडे पाठ केली. "म्हणजे, तू ये. कॉटस्लोला, झाडांखाली. आम्ही इथे आहोत."

"तुम्ही बरे आहात ना? गाडी बंद पडली का?"

"गाडी चांगली आहे. आम्ही समुद्र बघतोय."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही. तेवढंच."

मग त्याने टेडला फोन लावला. हे जास्त अवघड होतं.

"टेड, तुझी करवत परत येतेय. जशी आहे तशी."

"दुकान बंद होतं होय?"

"माहीत नाही. मी गेलो नाही."

पलीकडून मांजराचा आवाज आला. मग टेड म्हणाला, "समुद्र कसा आहे?"

"ओला."

टेड हसायला लागला आणि हसता हसता खोकायला लागला. "गाढवा! मी लहानपणी गेलो होतो," तो म्हणाला. "बाप पाण्यात उचलून फेकायचा. नाकात खारट जायचं." आणि मग तो बापाबद्दल, त्या खारट पाण्याबद्दल बराच वेळ बोलत राहिला. इतकी वर्षं ह्या टेडच्या करवती क्लेमने नेल्या-आणल्या होत्या, पण त्याला बाप होता हे आज कळलं. समितीला फोन करायला मात्र त्याचं धैर्य पुरलं नाही. बंब ताडपत्रीखाली तसाच राहिला.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. पर्थचे लोक ह्या वाऱ्याला डॉक्टर म्हणतात. नोलीनने टोपी धरली आणि म्हणाली, "हा बरा. सुया टोचत नाही." दोघांनी कागदातले मासे खाल्ले. समुद्रपक्ष्यांनी त्यांतले अर्धे नेले. बोटीचा विषय निघाला नाही.

उन्हं कलल्यावर कायली आली, कडेवर बाळ, केस विस्कटलेले. बर्फाची पेटी गाडीत ठेवून ती लगेच निघणार होती, पण बाळाने वाऱ्याकडे तोंड केलं आणि रडायचं थांबलं, म्हणून बसली.

"इतकी वर्षं इथे राहते," ती म्हणाली, "पण बाळ झाल्यापासून आज पहिल्यांदा आले. कोण येतं मुद्दाम?"

"मेंढी असली की येतात," नोलीन म्हणाली.

सूर्य पाण्याला टेकायला आला तशी हिरवळीवरची माणसं बोलायची थांबली. नोलीनने मान फिरवली आणि ती उजवीकडच्या झाडांकडे बघू लागली. कायलीला वाटलं, तिला कळलंच नाही. ती हळूच म्हणाली, "आंटी, सूर्य इकडे आहे, समोर."

"ठाऊक आहे, बाळा. सरळ बघितलं की तो जातो. बाजूला बघितलं की राहतो."

कायलीने क्लेमकडे बघितलं. क्लेम सरकून नोलीनच्या जवळ बसला, आणि त्यानेही मान फिरवून त्याच झाडाकडे नजर लावली. बुंध्यावर कोणीतरी बदामाचं चित्र कोरलं होतं. त्यावर मुंगी चढत होती. डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी तांबडं, मोठं, हलत होतं.

"गेला का?" नोलीनने विचारलं.

"थोडा आहे अजून," क्लेम म्हणाला. "अगदी कोपऱ्यात."

"मलाही तिथेच दिसतोय," ती म्हणाली.