रिकामी लिफ्ट वर जाते

"ही बॅच कुठे कुठे गेली, ते मला जेवणाआधी हवंय, सुषमा."

प्रभूसाहेब आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांनी हातातलं ब्रेक लायनिंग, लिफ्टच्या ब्रेकला पकड देणारं अस्तर, अंगठ्याने दाबलं. त्याचा भुगा माझ्या टेबलावर पडला.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची लिफ्टचे सुटे भाग बनवणारी कंपनी होती. मी तिथे प्रोग्रॅमर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डिस्कवर जागा फार थोडी, म्हणून जुन्या ऑर्डरी मी कॉम्प्रेस करून टेपवर टाकायचे. म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता एकदाच लिहायचा, पुढे प्रत्येक ऑर्डरला फक्त त्याचा कोड. पण टेप गाण्याच्या कॅसेटसारखी. मधलं हवं तर आधीचं सगळं ओलांडावं लागतं. त्यासाठी कुठली बॅच कुठल्या टेपवर, किती आत, याची इंडेक्स मी डिस्कवर वेगळी ठेवली होती.

यादी लगेच निघाली. बराचसा माल अजून कंत्राटदारांच्या गोदामात होता. बसवलेला सापडला तो एकाच ठिकाणी, बोरिवलीच्या एका सोसायटीत. मी सेक्रेटरी सावंतांना फोन लावला.

"तुमची लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा."

पलीकडून हळूच आवाज आला, "तुमका कोणी सांगितल्यान?"

"काय?"

"पाचव्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हापासून दुपारची ती आपोआप वर जाते. रिकामी. पाचव्यावर थांबते."

"लागलेल्या मालाचा नंबर यादीशी जुळतो का बघ," म्हणत साहेबांनी मला मेकॅनिक तांडेलबरोबर जीपमध्ये बसवलं.

सोसायटीत भर दुपारी सामसूम होती. लिफ्ट तळमजल्यावर उभी, आत काळोख. दाराला लिंबू-मिरची. सावंतांनी मूठ उघडून दाखवली. "फ्यूज काढलाय. आता नाय हलायची."

त्यांच्या बायकोने जाळीचं दार सरकवलं. हातात पेटती उदबत्ती. आजोबांना हात जोडायला म्हणून तिने आत पाऊल टाकलं, आणि त्या धक्क्याने लिफ्ट हलली.

"काकी, मागे!" तांडेलने तिचा दंड धरून खेचलं. दोघं फरशीवर आपटले. तिची एक चप्पल आत राहिली. वीज नाही, मोटरचा आवाज नाही, फक्त दोरांची सरसर. ती काळोखी पेटी चप्पल घेऊन सावकाश वर निघाली. आम्ही माना वर करून बघत राहिलो.

ती पाचव्यावर थांबली.

तांडेल धावत गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेला आणि त्याने पुली जखडली. खाली आल्यावर त्याने सांगितलं, "दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं. रिकाम्या लिफ्टपेक्षा ते जड. लायनिंगचा भुगा होऊन ब्रेक सुटला की वजन खाली येतं, लिफ्ट वर जाते. वीज कशाला लागते?"

"मग पाचव्यावरच का?" काकींनी विचारलं.

तांडेल हात पुसत राहिला. "ब्रेक कुठे पकडेल, ते मी नाय सांगू शकत."

नंबर जुळला. संध्याकाळपर्यंत नवं लायनिंग बसलं, बाकीची बॅचही परत आली. पुन्हा तक्रार आली नाही. तशी ती आधीही आली नव्हतीच. भुताची तक्रार लिफ्ट कंपनीकडे कोण करणार? तेव्हापासून टेपवर काही टाकताना मी एकच बघायचे: उद्या कुणाचा जीव वाचवायच्या घाईत असलेला माणूस यात काय शोधेल? ते डिस्कवर हाताशी ठेवायचं. जागा वाचवायची ती बाकीच्यात.