रिकाम्या नळीतलं फिनॉल

आमच्या भावजींइतका संशयी माणूस जगात दुसरा झाला नसेल. आणि झाला असलाच, तर तो खरंच संशयी होता यावर भावजींचा विश्वास बसला नसता. मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुधात पाणी नाही हे सिद्ध झाल्याशिवाय चहा होत नसे. पनीरवर आयोडीन पडे, हळद पाण्यात सोडून बघितली जाई, आणि लग्नाला तीस वर्षं झाली तरी माझ्या ताईला भाजीत मीठ घातल्याचं पुराव्यानिशी सांगावं लागे. मी घंटा वाजवली की आतून "कौन?" मी म्हणायचो, "मी आहे, भावजी." "मी तर सगळेच म्हणतात," असं उत्तर येई आणि साखळीच्या फटीतून एक डोळा माझी तपासणी करी.

हा संशय नोकरीमुळे जडला होता की संशयामुळेच ती नोकरी मिळाली होती, देव जाणे. दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात एकाच कामात घातली: बेन्झिनपासून एका दमात फिनॉल करायचं. त्यासाठी लोखंड, तांबं, व्हॅनेडियम असल्या धातूंच्या ऑक्साइडची भुकटी काचेच्या नळीत भरायची आणि तिच्यावरून बेन्झिनची तापलेली वाफ आणि हवा सोडायची. मला त्यांनी एकदा समजावलं होतं, "अरे, बेन्झिनच्या घरात ऑक्सिजनचा एकच पाहुणा घ्यायचा असतो. पण एक आत आला की दार सताड उघडं! मागून पूरा खानदान घुसतं आणि घर जाळून मोकळं होतं." त्यामुळे नळीतून निघे तो बहुतेक कार्बन डायऑक्साइडच. वाईट निकालावर भावजींचा गाढ विश्वास होता. आयुष्यात एकदा तरी हे जमावं, एवढीच त्यांची इच्छा आहे, असं ताई म्हणे. ते स्वतः कबूल करत नसत.

निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना एका शुक्रवारी, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मेरठच्या मुलीने तांब्याची नवी भुकटी लावली आणि फिनॉल आलं. थोडंथोडकं नाही, भरपूर. लॅबमध्ये बर्फी वाटली गेली. ताईने पुण्यापर्यंत फोन केले. भावजी तेवढे म्हणाले, "इतनी अच्छी बात हमारे साथ होती नहीं, बेटा."

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः नळी लावली, भुकटी न घालता, रिकामी. भुकटीशिवाय फिनॉल यायलाच नको होतं, तरीही आलं! मग हुंगत हुंगत ते बेसिनपाशी पोचले. तिथे नळीतून निघेल ते गोळा करायच्या बाटल्या धुऊन सुकत ठेवल्या होत्या आणि त्याच बेसिनमध्ये सफाईवाला काळ्या फिनाईलमध्ये पोछा भिजवत होता. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉलचाच गोतावळा असतो. बाटल्या बदलून पुन्हा भुकटी लावली, तर नेहमीचाच कार्बन डायऑक्साइड. भावजींनी वरिष्ठांना लिहून दिलं, "चूक माझी आहे, मुलीची नाही," आणि बिचाऱ्या सफाईवाल्याला चहा पाजला.

संध्याकाळी मी गेलो तर ते बाल्कनीत बसले होते. मला राहवलं नाही. "भावजी, रिकाम्या नळीची चाचणी तर तुमची नेहमीची. मग शुक्रवारीच का नाही केलीत? शनिवारीही लॅब उघडी होती."

खालच्या पार्किंगकडे बघत ते म्हणाले, "शक तर शुक्रवारीच आला होता रे. पण केली नाही. दोन दिवस तरी वाटू दे म्हटलं, की जमलं."

मी शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसलो. आज भावजी नाहीत. जन्मभर कुणालाही संशयाचा फायदा न देणाऱ्या त्या माणसाने एकदा तरी स्वतःला तो शनिवार-रविवार दिला, याचं मला फार बरं वाटतं.