आबांच्या फोटोवरचं कंगन

आमच्या घरात साखरेने आजवर एकाच माणसाचा जीव वाचवला आहे, आणि त्या साखरेला घराबाहेर हाकलणारा माणूस मी आहे.

मुळात मी औषधांचा माणूस. रनाळ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायची आणि फवारणीच्या पंपाला किती झाकणं टाकायची ते शेतकऱ्यांना सांगायचं, हा माझा धंदा. त्यामुळे घरातही सगळ्यांना डोस सांगायची मला खोड लागली आहे. (बायको सुनंदा म्हणते, खोड नाही, कीड!)

गेल्या श्रावणात आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गेले. शुगर त्यांना जुनीच होती, पण गेले ते झोपेत, हृदय बंद पडून. तरी मी ठरवून टाकलं की त्यांना साखरेनेच मारलं. माणूस गेलं की कोणावर तरी राग काढावासा वाटतो, आणि साखर बिचारी उलट बोलत नाही. वास्तविक शेवटची दोन वर्षं मी आबांना साखरेचा कण दिला नव्हता. चहातसुद्धा गोड पावडर. ते अर्धा कप पिऊन ठेवून द्यायचे, आणि मी समोर बसून उरलेला संपवायला लावायचो.

आता मागे उरली माय. तिलाही शुगर, तिला तर इन्सुलिनची सुई. तिला मला घालवायचं नव्हतं. ती दुपारी आडवी झाली तरी दुकान सोडून मी घरी यायचो, श्वास चालू आहे ना ते बघायचो आणि परत जायचो. एकदा तिने डोळे न उघडताच सांगितलं, "जित्ती शे रे, जाय दुकानले!"

नंदुरबारच्या डॉक्टरांना मी विचारलं, "ती गोड पावडर मायला चालेल ना?" ते म्हणाले, "चालेल, मोजून वापरा." पुढेही ते काहीतरी बोलत होते, पण तोवर मी खुर्चीवरून उठलो होतो. मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

त्याच दिवशी घरातली साखर, गूळ, बिस्किटं, सगळं मी वाटून टाकलं. साखरेच्या डब्यात पावडर भरली. दिसायला अगदी साखरेसारखी! मायने चिमूट जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हाई तुन्हा दुकानमधली तं नही ना रे?"

"नही व माय! डॉक्टरनी सांगेल शे."

"कपाशीवर मारतस ती बी अशीच दिखस."

झालं! गल्लीत बातमी पसरली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा चहा 'आत्ताच झालेला' असू लागला. फवारणीची औषधं विकणाऱ्याच्या घरी पांढऱ्या पावडरीचा चहा प्यायला कोणाची छाती होणार? आमचा चहापत्तीचा खर्च मात्र निम्म्यावर आला.

अशात होळी आली. आबा गेल्यानंतरची पहिली होळी. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की सण बंद होतात. पहिल्या होळीला भाऊबंद आणि जावई येतात, घरच्यांच्या कपाळाला रंग लावतात, तोंड गोड करतात, मग घर सणावाराला मोकळं होतं. रंग लागेपर्यंत घरच्यांनी जेवायचं नाही.

त्या दिवशी सकाळी बघतो तर आबांच्या फोटोला साखरेचा हार, आणि हाराला लटकवलेलं कंगन! होळीच्या बाजारात साखरेच्या पाकाचे हे हार आणि कंगन ढिगाने येतात, पोरांच्या गळ्यात घालतात. आबांचा त्यावर फार जीव. म्हातारपणीसुद्धा नातवंडांच्या गळ्यातले हार कडाकडा चावायचे.

"माय! घरमा साखर आनानी नही असं सांगं व्हतं ना मी?"

माय पहिल्यांदाच कडक आवाजात बोलली. "फोटोले बी शुगर हुई का आते?"

हार राहिला. पण बाकीच्या बाबतीत मी पक्का! मायच्या सुईची वेळ झाली तशी मी सुई देऊन मोकळा झालो. घड्याळ म्हणजे घड्याळ! जेवण थोड्या वेळाने होणारच होतं. फक्त धडगावहून आमचे मेव्हणे, बहिणीचे यजमान, यायचे होते. जावयाशिवाय रंग कसा लावायचा? आणि मेव्हण्यांची जीप घाटात पंक्चर होऊन उभी होती.

ताटं वाढायची थांबली. भाऊबंद ओसरीवर बसले. सुनंदाने चहा आणला, आणि वेळ घालवायला विषय मिळाला.

"या पावडरनी हाडं ठिसूळ व्हतस म्हने," धाकटे काका कपाकडे बघत म्हणाले.

"याद बी जास," चुलतभाऊ म्हणाला. "मन्हा मोबाइलवर उनं व्हतं."

मी सरसावलो. डबा आणून त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. सरकारची मान्यता दाखवली. किलो वजनामागे माणसाला किती चालते, ते पंपाच्या हिशोबाने समजावलं! काकांनी विचारलं, "मंग मन्हं वजन नव्वद किलो, मी बट्ठा डबा खाऊ का?" मी म्हटलं, काका, चेष्टा नको, हा शास्त्राचा विषय आहे.

या शास्त्रात आम्ही इतके रंगलो, की भिंतीला टेकून बसलेली माय गप्प झाली आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. एकदम ती म्हणाली, "आबा उनात का? त्यास्ले चहा द्या."

गेलेले आबा आले का, असं ती विचारत होती! मग बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काकाही रडले. मलाही भरून आलं. पहिला सण आहे, आठवण येणारच, असं म्हणत मी तिच्याकडे बघितलं, तर तिच्या कपाळावर घामाचे थेंब आणि हात थरथरत होते. सुनंदाने तिचा हात धरला.

"अहो, हात बरफसारखा शे!"

मी डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, माय कशीतरीच करते आहे! घामाघूम झालीय, बडबडतेय!"

"सुई दिली?"

"वेळेवर!"

"आणि जेवण?"

मी रिकाम्या ताटांकडे बघितलं.

"शुगर उतरलीय त्यांची. शुद्धीत आहेत ना? गिळता येतंय? आधी साखरपाणी द्या, ताबडतोब. आणि निघा इकडे."

"सुनंदा! साखरपाणी!" मी ओरडलो. ती धावली. साखरेच्या डब्यातून चमचाभर घालून पेला आणला. माय घोटघोट प्यायली. काही फरक नाही. "आखो टाक!" काका म्हणाले. सुनंदाने दोन चमचे टाकले. चुलतभावाने डबाच तिच्या हातून घेतला आणि पेल्यात ओतला. इतकं गोड पाणी आमच्या गावात कोणी कोणाला पाजलं नसेल! मायची मान कलायला लागली. आबांच्या वेळी मी घरात नव्हतो. या वेळी समोर उभा होतो, आणि तरी माझ्या हातून काहीच होत नव्हतं.

"डॉक्टर, अर्धा डबा पाजला! उतरतच चाललीय!"

"अहो, साखरच दिली ना नक्की?"

आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने माझी मान अभिमानाने ताठ झाली. मी ठणकावून सांगितलं, "डॉक्टर, आमच्या घरात साखर नाहीच!"

चुलतभावाने हातातला डबा हळूच खाली ठेवला.

मग सगळ्यांच्या माना एकदम भिंतीकडे वळल्या.

मी खुर्चीवर चढलो आणि कंगन ओढलं. कंगनाबरोबर हार आला, हाराबरोबर खिळा, आणि खिळ्याबरोबर आबा! फ्रेम सरळ माझ्या टाळक्यात. मी खाली बसलो तसे काका म्हणाले, "हानं बरं का तुन्हा बापनी!" सुनंदाने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने माझ्या मुठीतलं कंगन घेतलं, खलबत्त्यात कुटलं, पाण्यात कालवलं आणि मायच्या ओठांना लावलं. (दोन मुंग्याही गेल्या असतील. त्यांच्या सुरक्षिततेबद्दल कोणी काही विचारलं नाही.)

मी हात जोडले होते, फोटोला की कंगनाला, आता आठवत नाही. हळूहळू मायचा घाम सुकला. नजर जागेवर आली. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"बराच दिनमा काही गोड लागनं," ती म्हणाली. मी पोरासारखा रडलो. नेमके त्याच वेळी मेव्हणे दारात आले, आम्हा सगळ्यांना रडताना बघून त्यांचा चेहरा पडला आणि हातातला गुलाल तिथेच सांडला.

नंदुरबारला डॉक्टरांनी मायला तपासलं. मग मी हळूच विचारलं, "डॉक्टर, त्या पावडरीने तर झालं नसेल?"

"पावडरीला का दोष देता? सुई दिली, जेवू घातलं नाही, म्हणून झालं. इन्सुलिन घेणारं माणूस घरात असेल तर साखर हाताशी ठेवा, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही उठून गेलात."

आता आबांचा फोटो नव्या खिळ्यावर आहे. शेजारच्या खिळ्याला मायने एक कंगन कायमचं टांगलं आहे. साखर मायच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. सुनंदाचा चहा साखरेचा, पाहुण्यांचा साखरेचा. मायचा मोजून घातलेल्या पावडरीचा, तिच्याच मर्जीने. उरलेल्या पावडरीचं काय करायचं, हा प्रश्न होता. तोही तिने सोडवला.

"दोन वरीस तू तुन्हा बापले पाजी ना? आते तू पी."

त्यामुळे घरात एकटा मीच शुगर नसताना पावडरीचा चहा पितो. पहिल्याच घोटाला कळलं, आबा अर्धा कप का ठेवायचे. मला ठेवता येत नाही. कप रिकामा होईपर्यंत माय समोर बसून असते.