फ्रिजमधला डोंगर

आमच्या हिच्या मामाजींइतका थंड डोक्याचा माणूस अख्ख्या नागपुरात नाही, आणि त्या थंडपणानं त्यांनी जितक्या लोकांना घाम फोडला तितका मे महिन्यालाही जमलेला नाही. औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरपाशी उभी हयात काढल्यामुळे सत्तेचाळीस डिग्रीत ते स्वेटर शोधतात, असं मी सांगतो आणि निम्मे लोक विश्वासही ठेवतात. निवृत्त झाल्यावर ते मामीजींना घेऊन हिमालयात गेले. मामीजींच्या गुडघ्यांनी खालच्या चहाच्या टपरीवरच संप पुकारला. मामाजी एकटे वर चढले, बर्फाशेजारी खडकाच्या फटीत नखाएवढं जांभळं फूल पाहिलं, फोटो काढून खाली आले. फोटो पाहून मामीजी एवढंच म्हणाल्या, "पाह्यलं ना तुमी? झालं मंग." असा चटका बॉयलरनंही कधी दिला नव्हता.

तेव्हापासून नंदनवन कॉलनीतल्या त्यांच्या फ्रिजमध्ये हिमालय आहे. डोंगराखालच्या माळ्यानं दिलेलं त्याच फुलाचं चिमूटभर बी मामाजींनी काडेपेटीतून आणलं, वरच्या कप्प्यात दगड रचले, फटींत वाळू भरली, इवलासा दिवा बसवला. दही, कोथिंबीर, आंब्याचा रस, सगळे बेघर झाले. "माणसं कूलरसमोर अन् गवत फ्रिजात!" मामीजी करवादायच्या. हे कुणासाठी चाललंय ते मामाजींनी त्यांना कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही शपथ घालून.

तिसऱ्या उन्हाळ्यात कळी उमलली. नेमक्या मामीजी लेकीकडे बुटीबोरीला, आणि त्याच सकाळी कॉलनीची विजेची डीपी जळाली. बारा वाजेस्तोवर फ्रिज पाझरू लागला. मी म्हणालो, व्हिडिओ कॉल करा.

"मोबाइलात तर तवाच दाखवलं होतं, जवाईबापू. बसा मांगं."

थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात दगड, दगडात फूल, आणि डबा स्कूटरवर मागे बसलेल्या माझ्या मांडीवर. ऊन असं, की कुत्र्यांनी विजेच्या खांबांच्या सावल्या आपसांत वाटून घेतल्या होत्या. मी झाकण किलकिलं करायचो आणि मामाजी मागे न बघता ओरडायचे, "जित्तं हाय का?" आधी पाचही पाकळ्या ताठ होत्या. पुढे दोघींनी माना टाकल्या. एका रसवंतीवर बर्फ मागितला, तर रसवाला डब्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाला, "किडनी हाय का जी?"

"त्याहून नाजूक," मामाजी म्हणाले. त्यानं अर्धी लादी फोडून दिली आणि वर हात जोडले.

शेवटच्या सिग्नलला मी पुन्हा झाकणाला हात घातला. मामाजींचा आवाज पार बसला होता. "आता नका सांगू, जवाईबापू."

लेकीच्या घरी मामीजीच दारात आल्या. एक पाकळी गळाली होती, चार कशाबशा उभ्या होत्या. मामीजींनी चष्मा पुसला, वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या.

"याच्यासाठी माहा फ्रिज?"

"हो वं."

"एवढुसं?"

"तिथंबी एवढंच होतं."

डब्यातली गार हवा त्यांच्या चेहऱ्यावर येत होती. "लय थंडी वाजली असन तुमाले वर."

"वाजली. शाल तुह्यापाशी राह्यली होती."

संध्याकाळपर्यंत फूल गेलं. नुसते दगड परत फ्रिजात गेले. परवा मी दह्याचं पातेलं ठेवायला ते जरा सरकवू लागलो, तर मामीजींनी माझा हात धरला.

"दही खाली ठेवा, जवाईबापू. तो डोंगर हाय."