पुढच्या महिन्यात बघू

"गर्भाशयाचं अस्तर पातळ आहे. आत्ता गर्भ आत सोडला तर टिकायचा नाही. पुढच्या महिन्यात बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. आमचा गर्भ त्यांच्याकडे गोठवून ठेवलेला आहे. त्याचं वय वाढत नाही, माझं वाढतं. बाईनं नुसतं थांबायचं, आणि लोक त्याला आराम म्हणतात.

घरी आले. गर्भ सोडून आल्यावर मला वाकावं लागू नये म्हणून नवऱ्यानं पाण्याची बादली भरून स्टुलावर ठेवली होती. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, तू पडून राहा."

"कशासाठी?" मी विचारलं. "आता मला काहीही उचलता येतं."

आणि ती भरलेली बादली मी एका हातानं खाली ठेवली.